स्नेहभोजनात शाकाहारी सभासदांना वाढलेल्या जेवणाबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणी सदस्य,
आपले मंडळ, दिल्ली

विषय : पानिपत सहलीनंतर लाजपतनगर येथे झालेल्या कौटुंबिक स्नेहभोजनात शाकाहारी सभासदांना मटणाच्या यखनीत शिजलेला पुलाव वाढला गेल्याबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची पत्रे. एकाचीही पोच मिळालेली नाही.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारी सभासद कुटुंबे हे निवेदन सादर करीत आहोत. याच विषयावर पत्रे दिली, फोन केले, प्रत्यक्ष भेटलो. दर वेळी "बैठकीत घेतो" असे तोंडी उत्तर मिळाले. त्यानंतर बैठका झाल्या, विषय मात्र आला नाही.

१४ जानेवारीला पानिपतच्या काला अंब येथे अभिवादन करून परतल्यावर अफगाण उपाहारगृहात जेवायचे, या कल्पनेवर तेव्हा काही सभासद नाराज होते. आम्ही नव्हतो. अफगाणांशी झालेल्या १७६१ च्या लढाईचा जाब लाजपतनगरात तंदूर चालवणाऱ्यांना विचारायचा नसतो. यातली कितीतरी कुटुंबे स्वतःच युद्धामुळे घरदार सोडून या शहरात आली आहेत. त्यांच्या हातचे जेवण मुलांना मिळावे असे आम्हालाही मनापासून वाटत होते, म्हणूनच वर्गणी वेळेवर भरली. तक्रार जेवणाची नाही, आयोजनाची आहे.

नावनोंदणीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाकडून शाकाहारी व मांसाहारी माणसांची संख्या लिहून घेतली होती. शाकाहारींची पंगत वेगळी असेल, असे आश्वासनही दिले होते. कोजागिरीच्या कार्यक्रमात हाच गोंधळ झाला होता आणि "पुढच्या वेळी असे होणार नाही" हे शब्द मा. अध्यक्षांनी सर्वांसमोर उच्चारले होते. ती पुढची वेळ हीच होती.

प्रत्यक्षात सगळ्यांसाठी एकच काबुली पुलाव आला. हा पुलाव कसा होतो, ते मुद्दाम लिहितो, कारण "भातच तर होता" असे आम्हाला ऐकवले गेले आहे. आधी मटणाची यखनी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, करतात. अर्धवट उकडलेला लांब तांदूळ त्या यखनीत मुरवून दमावर शिजवतात. मटणाचे तुकडे भाताखाली झाकलेले असतात. वर परतलेल्या गाजराच्या काड्या, मनुका आणि बदाम येतात. वरून पाहणाऱ्याला तो आपल्या साखरभातासारखाच दिसतो. आमच्यातील ज्येष्ठ मंडळींनी तो तसाच समजून आनंदाने वाढून घेतला. ज्यांनी आयुष्यात अंड्यालाही हात लावलेला नाही अशा एका काकूंचे चार घास खाऊन झाले होते, तेव्हा शेजारी बसलेल्या नातवाच्या चमच्यात हाड आले.

वाढणाऱ्या मुलाला विचारले. त्याने काहीही न लपवता भात मटणाच्या पाण्यात शिजल्याचे सांगितले. आपल्या स्वयंसेवकांनी मात्र काकूंना सांगितले, "मटण बाजूला काढा आणि भात खा, काही होत नाही." आम्हाला सर्वांत जास्त लागले ते हे वाक्य. काकू ताटावरून उठल्या आणि जेवण संपेपर्यंत थंडीत बसमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यापाशी कार्यकारिणीतले कोणीही गेले नाही. अशक या सारण भरून उकडलेल्या पदार्थाबाबतही असाच घोळ झाला. आत गंदना, म्हणजे पातीसारखी भाजी, भरलेली आहे म्हणून ते 'व्हेज' सांगून पुढे केले; वर खिम्याचा रस्सा ओतलेला होता. मुलांच्या वाट्याला शेवटी कोरडा नान आणि काकडी आली.

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांनी आम्हाला मंडळाकडून आलेली ऑर्डर दाखवली. तीत फक्त एकूण माणसे, पुलाव, अशक आणि कबाब एवढेच होते. शाकाहारींचा उल्लेखच नव्हता. आम्ही भरून दिलेली यादी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ते म्हणाले, आदल्या दिवशी कळवले असते तरी सगळे करून दिले असते. हे खरेच होते. दह्यातल्या वांग्याची बोरानी, लाल भोपळ्याची कद्दू बोरानी, बटाट्याची किंवा गंदन्याची बोलानी, राजम्याचा लोबिया, साधा भात, फिरनी : अफगाण स्वयंपाकात शाकाहारी माणसाचे ताट भरेल एवढे पदार्थ आहेत. परिस्थिती कळताच आचाऱ्यांनी स्वतःहून बोलानी लाटायला घेतल्या आणि त्यांचे पैसेही घेतले नाहीत. पण तोवर बस सुटायची घाई सुरू झाली होती. ज्यांना काही सांगितलेच नव्हते त्यांनी माणुसकी दाखवली. ज्यांना सगळे लिहून दिले होते त्यांनी मात्र साधी विचारपूसही केली नाही.

एवढे होऊनही "यापुढे अफगाण हॉटेल नको" असा निरोप आपण सभासदांना पाठवलात. त्या निरोपाचा आम्ही निषेध करतो. चूक ऑर्डर देणाऱ्यांची होती, ती स्वयंपाक करणाऱ्यांच्या माथी मारू नये.

आमच्या मागण्या :

संबंधित काकू व इतर ज्येष्ठ सभासदांची कार्यकारिणीने घरी जाऊन माफी मागावी. पत्र पाठवून चालणार नाही.

शाकाहारी यादी उपाहारगृहाला का दिली नाही, याचा लेखी खुलासा करावा. यापुढे अशी यादी स्वयंपाकघरापर्यंत लेखी पोहोचवावी आणि कोणत्या पदार्थात काय आहे हे आधी विचारून घ्यावे. यासाठी एक सदस्य नावानिशी जबाबदार असावा. शाकाहारी पदार्थांची भांडी, डाव आणि वाढपी वेगळे असावेत. "शक्यतो" हा शब्द कोजागिरीच्या वेळीही वापरला होता, तो या वेळी नको.

वरील निरोप मागे घ्यावा आणि उपाहारगृहाला आभाराचे पत्र द्यावे.

जे जेवले नाहीत त्यांची वर्गणी परत करावी.

बैठक तख्तावर असेल तेव्हा मांडी घालून बसता न येणाऱ्यांसाठी खुर्च्यांची सोय असावी.

बसच्या वेळा पाळाव्यात.

येत्या कार्यकारिणी बैठकीत हे निवेदन वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंदवावे, ही नम्र विनंती. लेखी उत्तर न आल्यास आम्ही हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडू, आणि तोपर्यंत सह्या करणारे कोणतेही कुटुंब सहलीची अथवा स्नेहभोजनाची वर्गणी भरणार नाही.

कळावे,

आपले विश्वासू,
सभासद कुटुंबे
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : विश्वस्त मंडळ