परीक्षा कोणावर आणि औषध कोणास?

नव्या औषधाची किंवा रोगाच्या तपासणीची परीक्षा आधीं माणसांवर घ्यावी लागते. तीं माणसें कोण असावीं, हा सवाल डॉक्टरांचा आहे असें समजून आमचे शेतकरी व विणकर बंधु स्वस्थ बसतात. आम्हांस तो कायद्याचा सवाल वाटतो. त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यांत, बार्शीस आहे.

बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व मुंबईची टाटा संस्था यांनीं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी परीक्षा चालविली. खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रिया तींत होत्या. तीन गटांची निरनिराळ्या रीतींनीं तपासणी झाली, चौथ्याची झाली नाहीं. २००९ सालीं निकाल छापला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत त्या रोगानें ३४ दगावल्या. तपासणीविना राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. शेतांत राबणाऱ्या बाईच्या देहावरून निघालेला हा पुरावा आज साऱ्या जगाच्या कामीं येतो. पण चौथ्या गटास तसें ठेवणें न्यायाचें होतें काय, यावर पुढें वाद माजला. त्या भागांत तपासणीची सोय आधींही नव्हतीच, असा जबाब देण्यांत आला. नव्हती खरी, पण तो त्या आयाबहिणींचा अपराध नव्हे!

अमेरिकेनें १९९३ सालीं कायदा केला कीं, सरकारी पैशाच्या अशा परीक्षांत स्त्रिया व अल्पसंख्य जमाती घेतल्याच पाहिजेत. आमच्या २०१९ च्या नियमांत समजेल अशा भाषेंत संमति, इजा झाल्यास भरपाई, आणि नीतिसमितींत एक स्त्री व एक सामान्य माणूस, इतकें आहे. तें चांगलेंच. परंतु कोणत्या थरांतलीं माणसें घ्यावीं, याची सक्ती नाहीं. उलट ७ ऑगस्ट २०२४ च्या हुकुमानें अमेरिका, इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघ यांनीं मान्य केलेल्या कांहीं प्रकारच्या औषधांस येथील परीक्षेची सूट मिळाली. दुर्मिळ रोगाच्या रोग्यास औषध लवकर मिळावें, हें आम्हांसही पटतें. पण कापसाच्या धुळींत जन्म काढलेल्या विणकराच्या छातीस, अर्धपोटीं विड्या वळणाऱ्या बाईच्या रक्तास तें कसें मानवेल, हें टोकियोच्या रोग्यावरून कसें कळावें?

परीक्षेच्या अर्जांतच स्त्रिया किती, खेड्यांतले किती, मजूर किती, हें सरकारनें लिहून घ्यावें. कमी घेतल्यास कारण विचारावें. सूट दिलेल्या औषधाची मागाहून होणारी चौकशी सोलापूरसारख्या गांवींही व्हावी. समितींतला 'सामान्य माणूस' माग चालविणारा किंवा नांगर धरणारा असावा. कोणा डॉक्टरसाहेबांचा स्नेही नको. आणि ज्या गांवानें देह दिला, त्या गांवास निकाल लागतांच तो उपाय फुकट व सर्वांच्या आधीं मिळावा, असें कलम नियमांत घालावें.