भरपाई कोणाच्या खिशातून?

प्रति,
मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
आयुक्त, नागपूर महानगरपालिका

महोदय,

24 मार्च 2025 रोजी यशोधरानगर भागातल्या संजयबाग कॉलनीत महापालिकेच्या जेसीबीने एक दुमजली घर पाडलं. नागपुरातल्या 17 मार्चच्या हिंसाचारातल्या एका आरोपीच्या कुटुंबाचं ते घर. महाल भागात दुसऱ्या एका घरावरही हातोडा पडला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाई थांबवली, पण तोवर पहिलं घर उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. बांधकामं पाडण्याबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आमच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते, शासनाकडून तसं परिपत्रक आलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आरोपी दोषी आहे की नाही, हे फौजदारी न्यायालय ठरवील. बांधकाम अनधिकृत होतं का, हेही रीतसर सुनावणीत ठरू शकलं असतं. मला बोलायचं आहे ते ‘ठाऊक नव्हतं’ या उत्तराबद्दल.

हे निर्देश देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 13 नोव्हेंबर 2024 चा, न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचा. पाडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने आणि घरावर चिकटवून, मागच्या तारखेची नोटीस दाखवता येऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेल, समक्ष सुनावणी, पाडण्यावाचून दुसरा मार्ग का नाही हे सांगणारा कारणांसह आदेश, आणि त्यानंतर पुन्हा 15 दिवस. हे मोडणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने मालमत्ता पूर्ववत करून द्यायची, शिवाय भरपाईही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. राज्यांनी परिपत्रक काढून हे खालपर्यंत पोचवावं, हाही त्याच निकालातला आदेश. न्या. गवई वकिली करत असताना नागपूर महापालिकेचे स्थायी वकील होते. या शहराच्या महापालिकेला तरी हा निकाल परका वाटायला नको होता.

आता कायदा पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 198 नुसार, कोणाला तरी इजा पोचावी म्हणून किंवा पोचेल हे माहीत असून कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकाला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे. सारा भार ‘जाणूनबुजून’वर आहे. म्हणजे ‘ठाऊक नव्हतं’ ही नुसती दिलगिरी राहत नाही, गुन्ह्यातून सुटण्याची वाट होते. परिपत्रक मंत्रालयातून निघालंच नाही, तर खालचा प्रत्येक अधिकारी याच वाटेने बाहेर पडेल. वरच्याने पाठवलं नाही, खालच्याला मिळालं नाही, आणि घर मात्र पडलं. पानटपरी चालवणाऱ्याला कायदा माहीत नसण्याची सवलत नाही. पगारी विधी विभाग असलेल्या महापालिकेला ती कशी मिळते?

सद्भावपूर्वक केलं, हे उत्तरही पुरत नाही. योग्य ती दक्षता आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असं म्हणता येत नाही, अशी कायद्याचीच व्याख्या आहे. चार महिने देशभर गाजलेला निकाल न वाचणं ही दक्षता नव्हे. तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृहही नव्हतं. 2022 पासून प्रशासकांचाच कारभार होता. त्यामुळे जबाबदारी नगरसेवकांवर ढकलायलाही जागा नाही.

भरपाईचं तत्त्वही नवं नाही. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलं होतं की, अधिकाऱ्याच्या मनमानीची किंमत करदात्याने मोजायची नाही. रक्कम आधी संस्थेने द्यावी आणि मग जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. हे तत्त्व वापरलं जात नाही, कारण वसुलीची फाइल आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध उघडावी लागते.

म्हणून आपल्याकडे मागणी आहे. निकालाची प्रत मंत्रालयात कोणत्या तारखेला आली, कोणाच्या टेबलावर थांबली, हे त्या पदाच्या नावानिशी जाहीर करा. पाडकामाच्या आदेशावर सही कोणाची, नोटीस आणि पाडकाम यांत 15 दिवस नसताना पोलीस बंदोबस्त कोणी मागितला, तेही सांगा. आणि त्या घराच्या भरपाईचा जो काही आकडा ठरेल, तो महापालिकेच्या अर्थसंकल्पात टाकू नका. पारडीच्या माणसाने भरलेल्या घरपट्टीतला एक रुपयाही त्यात जाता कामा नये.

आपला,
नागपूरचा एक करदाता