स्टीलहेड : परक्या पाण्यातले यश आणि न फिटलेली भरपाई

१/ नोव्हेंबरचा मध्य. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ऑन्टॅरिओ सरोवराला मिळणारी एक नदी आहे, सॅमन रिव्हर. तिच्या काठी पुलास्की नावाचे छोटे गाव आहे. पहाटेच्या अंधारात तिथे कमरेएवढ्या पाण्यात माणसे उभी असतात. पानगळ संपलेली असते. सरोवरावरून येणारा वारा केव्हाही बर्फ घेऊन येतो आणि गळाच्या काठीवरील कड्यांत पाणी गोठते. बोटे बधिर झाली तरी कोणी जागा सोडत नाही. साऱ्यांना प्रतीक्षा असते ती स्टीलहेड या माशाची. या एका माशात दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे आणि त्या इतिहासाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

२/ प्रथम माशाची ओळख. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. फरक जीवनक्रमाचा आहे. काही ट्राउट जन्मभर ओढ्यातच राहतात. स्टीलहेड मात्र नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर सरकणारे चढणीचे मासे, म्हणजेच वलगणीचे मासे, ज्यांनी कोकणात पाहिले आहेत, त्यांना ही ओढ सांगावी लागणार नाही. ऑन्टॅरिओच्या परिसरात या माशाला समुद्र भेटतच नाही. तिथे सरोवरालाच तो समुद्र मानतो.

३/ हंगाम पानगळीच्या अखेरीसच का? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनूक जातीचे सॅमन नदीत चढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्या अंड्यांच्या मोहाने स्टीलहेड त्यांच्या मागोमाग नदीत शिरतो. म्हणूनच या दिवसांत गळाला अंड्यांच्या पुरचुंड्या किंवा अंड्यांसारखे दिसणारे नारिंगी मणी लावतात. पाणी थंडावत जाते तसा मासा खोल, संथ डोहांत विसावतो. तो हिवाळा नदीतच काढतो, वसंतात अंडी घालतो आणि चिनूकप्रमाणे मरेलच असे नाही. काही मासे सरोवरात परतून पुन्हा येतात.

४/ हे दृश्य पाहणाऱ्याला ते अनादी काळापासूनचे वाटते. नदीचे नावही त्याला दुजोरा देते. प्रत्यक्षात यातला चिनूकही इथला नाही आणि स्टीलहेडही नाही. दोन्ही प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचे आहेत, येथून खंड ओलांडून हजारो किलोमीटर दूरचे. नदीला ज्याच्यावरून नाव पडले तो अटलांटिक सॅमन निराळाच मासा होता. तो कसा नाहीसा झाला हे समजल्याशिवाय आजच्या स्टीलहेडचा अर्थ लागत नाही.

५/ पाच महासरोवरांपैकी फक्त ऑन्टॅरिओत अटलांटिक सॅमन होता, कारण नायगरा धबधब्याने त्याची पुढची वाट अडवली होती. ओनोंडागा आणि ओनायडा लोक पिढ्यान्‌पिढ्या तो पकडत. युरोपीय वसाहतकार आले आणि रात्री मशालींच्या उजेडात भाल्यांनी बेसुमार शिकार सुरू झाली. पण खरा घाव गिरण्यांच्या बंधाऱ्यांनी घातला. प्रत्येक ओढ्यावर पिठाची किंवा लाकूड कापण्याची गिरणी उभी राहिली आणि माशाची चढण तुटली. जंगले तुटली, पाणी तापले, तळावर गाळ आणि भुसा साचला. एकोणिसावे शतक संपता संपता सरोवरातला सॅमन संपला.

६/ कोणालाच हे दिसले नाही असे नाही. कॅनडाच्या बाजूला न्यूकॅसल येथे सॅम्युएल विल्मट यांनी १८६६ मध्ये स्वतःच्या घरात सॅमनची अंडी उबवण्याचे प्रयोग सुरू केले. दोन वर्षांत सरकारने ते काम आपल्याकडे घेतले. लक्षावधी पिल्ले सोडली गेली, तरी सॅमन वाचला नाही. नदीचा आजार तसाच ठेवून माशांची संख्या वाढवण्याचा हा उपाय होता. त्या काळाने यातून धडा घ्यायला हवा होता. त्याऐवजी एकच निष्कर्ष निघाला : हा मासा टिकत नसेल तर दुसरा आणा.

७/ १८७१ मध्ये अमेरिकेत संघराज्य सरकारचा मत्स्य आयोग स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या वतीने लिव्हिंग्स्टन स्टोन कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवर पोहोचले आणि तिथे मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. आधी सॅमनची आणि पुढे रेनबो ट्राउटची अंडी तिथून देशभर आणि परदेशी जाऊ लागली. मॅक्लाउडचा काठ विनेमेम विंटू लोकांचा होता. आपली भूमी आणि आपले मासे घेण्यास त्यांनी आरंभी हरकत घेतली होती. नंतर त्यांच्यापैकी अनेकांनी त्याच केंद्रात श्रम केले. अनेक इतिहासकथनांत त्यांना तळटीपेपुरतीच जागा मिळते.

८/ हे स्थलांतर शक्य झाले ते रेल्वेमुळे. १८६९ मध्ये अमेरिकेचे दोन्ही किनारे लोहमार्गाने जोडले गेले. शेवाळात गुंडाळलेली, बर्फात थंड ठेवलेली अंडी काही दिवसांत खंड पार करू लागली. वाहतूक उलट दिशेनेही होत होती. जून १८७३ मध्ये पूर्वेकडचे जिवंत मासे कॅलिफोर्नियाला नेणारा डबा नेब्रास्कातील एल्कहॉर्न नदीत कोसळला. सोबत असलेले स्टोन बचावले आणि काही काळातच पुन्हा मासे घेऊन निघाले. निसर्गाची मांडणी माणसाने हवी तशी बदलावी, हा त्या काळाचा निःशंक विश्वास होता.

९/ १८७६ मध्ये मिशिगनमधील ओ सेबल नदीत कॅलिफोर्नियातून आणलेले रेनबो ट्राउट सोडण्यात आले. महासरोवरांच्या खोऱ्यातील या माशाचा इतिहास साधारणपणे इथून मोजतात. काही दशकांत सुपीरियर, ह्युरॉन आणि मिशिगन सरोवरांच्या उपनद्यांत तो आपणहून प्रजनन करू लागला. हीच मनोवृत्ती ब्रिटिशांनी भारतातही दाखवली. काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड प्रवाहांत त्यांनी ट्राउट आणून सोडले ते गळाच्या खेळासाठी.

१०/ मग दुसरे संकट आले आणि तेही मानवनिर्मितच होते. नायगराला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये खुला झाला होता. पुढे त्याच्या सुधारणा झाल्या आणि त्याच वाटेने लॅम्प्रे हा रक्तशोषक सागरी जीव वरच्या सरोवरांत शिरला. १९२१ मध्ये तो ईरीत दिसला आणि १९३८ पर्यंत सुपीरियरपर्यंत पोहोचला. स्थानिक लेक ट्राउटचा त्याने जवळजवळ विध्वंस केला. स्टीलहेडही त्याच्या तोंडून सुटला नाही. हजारो रसायनांच्या चाचण्यांनंतर लॅम्प्रेच्या पिल्लांना मारणारे द्रव्य सापडले आणि १९५८ पासून ते ओढ्यांत सोडले जाऊ लागले. हे काम आजही थांबवता येत नाही.

११/ मोठे शिकारी मासे गेल्यावर एलवाइफ या लहान माशाला मोकळे रान मिळाले. १९६७ मध्ये मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग साचले. त्याच्या आदल्या वर्षी हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने मिशिगन राज्याने कोहो सॅमन आणून सोडला होता. एलवाइफ खाणारा मासाही मिळावा आणि गळाच्या खेळाला बहरही यावा, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. प्रयोग कल्पनेपलीकडे यशस्वी झाला. न्यूयॉर्कनेही हीच वाट धरली. सॅमन नदीवर अल्टमार येथील मोठे मत्स्यबीज केंद्र १९८० मध्ये सुरू झाले. आज पुलास्कीच्या डोहांत दिसणाऱ्या गर्दीचे मूळ या धोरणात आहे.

१२/ इथवरची कथा यशाची म्हणून सांगता येते आणि तशी ती सांगितली जातेही. आक्षेप आहे तो तिला दिल्या जाणाऱ्या ‘पुनरुज्जीवन’ या नावाला. जे पूर्वी होते ते परत येणे, याला पुनरुज्जीवन म्हणतात. एकाच्या जागी दुसरा आणून बसवणे याला पर्याय म्हणतात. पर्याय चांगला असू शकतो, पण त्याला भरपाई म्हटले की मूळ हानीची चौकशीच संपते. घर पाडणाऱ्याने त्या जागी सुंदर बाग केली, तरी घर कोणाचे होते हा प्रश्न उरतोच.

१३/ या हिशेबाची दुसरी बाजू पश्चिमेला आहे. सॅमन नदीत सोडल्या जाणाऱ्या स्टीलहेडचा प्रमुख वाण वॉशिंग्टन राज्यातील चेंबर्स क्रीकचा. हा ओढा प्युजेट साउंड या सागरी खाडीला मिळतो. त्याच प्युजेट साउंडमधील स्टीलहेडला २००७ मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. म्हणजे मासा परक्या घरी सुखात आहे आणि माहेरी नाहीसा होत चालला आहे. परक्या पाण्यातली विपुलता पाहून जात सुरक्षित आहे असे समजणे हा म्हणूनच मोठा भ्रम आहे.

१४/ मॅक्लाउडचे काय झाले? १९३८ ते १९४५ या काळात शास्ता धरण बांधले गेले. समुद्रातून येणाऱ्या सॅमन आणि स्टीलहेडची वाट बंद झाली. विनेमेम विंटूंची गावे, पवित्र स्थळे आणि स्टोन यांचे केंद्र, सारे जलाशयाखाली गेले. २०१० मध्ये या लोकांनी न्यूझीलंड गाठले. तिथल्या राकाया नदीतल्या सॅमनना ते आपल्या नदीच्या माशांचे वंशज मानतात. त्यांच्यापुढे त्यांनी क्षमायाचनेचे नृत्य केले. २०२२ मध्ये चिनूकची अंडी पुन्हा मॅक्लाउडच्या काठी आणली गेली आणि त्या कामात हे लोक सहभागी होते. जगाला अंडी पुरवणाऱ्या नदीला आपल्याच माशासाठी दीडशे वर्षांनी अंडी बाहेरून आणावी लागली.

१५/ प्रतिपक्षाचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. दीडशे वर्षे जो मासा एका पाण्यात पिढ्या वाढवतो, त्याला परका किती काळ म्हणायचे? त्याच्यावर गावांचे पोट चालते. प्रदूषणाविरुद्ध आणि नदीतल्या पाण्यासाठी जे आवाज उठतात, त्यांत हिवाळ्यात पाण्यात उभी राहणारी हीच माणसे असतात. हे सारे खरे आहे. स्टीलहेडला हाकलावे, असे म्हणणे म्हणूनच अव्यवहार्य आणि अन्यायाचेही ठरेल. मासा काही स्वतःहून रेल्वेत बसला नव्हता.

१६/ तरीही या यशाचा पाया किती ठिसूळ आहे, हे २०१४ च्या पानगळीत दिसले. सॅमन नदीत स्टीलहेड भेलकांडत मरू लागले. कारण निघाले थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता. एलवाइफच्या शरीरात थायमिन नष्ट करणारे द्रव्य असते आणि इथल्या स्टीलहेडचे मुख्य अन्न तोच आहे. आणलेला मासा अशा प्रकारे एका बिघडलेल्या अन्नसाखळीवर उभा आहे. तीच साखळी अटलांटिक सॅमनच्या परतीच्याही आड येते.

१७/ सर्वांत बोलका धडा मात्र पाण्याचा आहे. सॅमन नदीवरील जलविद्युत प्रकल्पाच्या परवान्यात १९९६ पासून नदीत किमान प्रवाह सोडण्याची अट आली. त्यानंतर चिनूकचे नैसर्गिक प्रजनन भराभर वाढले. २००९ मध्ये तर याच नदीत निसर्गतः जन्मलेली अटलांटिक सॅमनची पिल्ले आढळली. शतकाहून अधिक काळ जे घडले नव्हते ते घडले. केंद्रांतून सोडलेल्या माशांचा यात वाटा होताच, पण अंडी जगली ती वाहत्या पाण्यामुळे. विल्मट यांच्या अपयशातून जे कळायला हवे होते, ते कळायला १३० वर्षे लागली.

१८/ यावरून धोरणाची दिशा स्पष्ट होते. किती पिल्ले सोडली यापेक्षा किती पिल्ले नदीतच जन्मली, हे यशाचे माप असावे. ऑन्टॅरिओच्या काही निवडक उपनद्या अटलांटिक सॅमनसाठी राखाव्यात आणि त्यांत स्टीलहेडचे बीज सोडू नये, कारण दोघांची पिल्ले त्याच ओढ्यात वाढतात, त्याच अन्नासाठी झगडतात. गळाने मासे धरणाऱ्यांना यात थोडे गमवावे लागेल. ज्यांना या नदीने इतके दिले, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकाने नोव्हेंबरच्या त्या पहाटेकडे पुन्हा पाहावे. डोहातून रुपेरी स्टीलहेड उसळी घेतो तेव्हा होणारा आनंद खोटा नाही. पण त्याच्यामागे तुटलेली जंगले, एक कालवा, एक रेल्वेमार्ग आणि एका बुडालेल्या गावातली माणसे उभी आहेत. नदी अजून सॅमनचेच नाव सांगते. त्या नावाचा मूळ धनी तिच्या पाण्यात पुन्हा नांदेल, तेव्हाच या कथेला पुनरुज्जीवन म्हणता येईल.