गुंठेवारीचे उतरते प्रायश्चित्त

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. ज्या गावात १७७१ साली खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, तेथेच १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही एका ठिकाणी नव्हे तर वाटण्यांमागून वाटण्या होऊन शिवारभर विखुरलेल्या पट्ट्यांत. या स्थितीने मुंबई इलाख्याचे राज्यकर्ते चिंताक्रांत झाले. १९२७ साली लहान धारणांविषयीचे विधेयक कौन्सिलात आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास विरोध केला; शेताच्या आकाराकडे पाहण्याआधी शेतीला लागणारे भांडवल आणि शेतीवरचा माणसांचा भार पाहा, ही त्यांची भूमिका १९१८ च्या निबंधापासूनचीच होती. ते विधेयक बारगळले, पण त्यामागची कल्पना बारगळली नाही, आणि १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा होऊन, ठरावीक प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याचे हस्तांतरण निरर्थक ठरले.

आज पिंपळे सौदागरात नांगर शोधून सापडणार नाही. ज्या शेतांसाठी कायदा झाला त्यांवर गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, परंतु त्यांच्या पलीकडच्या शिवारात, जेथे शहर अद्याप पोहोचलेले नाही पण पोहोचणार हे सर्वांना ठाऊक आहे, तेथे तोच कायदा एका निराळ्याच प्राण्याच्या आड उभा ठाकला. हा प्राणी म्हणजे गुंठ्याचा गिऱ्हाईक. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे आणि बायकोच्या बांगड्या यांच्या बळावर, ४० गुंठ्यांच्या एकरातला एखाददुसरा गुंठा, म्हणजे हजार-अकराशे चौरस फूट, तो घेऊन ठेवतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याला गुंतवणूकदार म्हणतात हे ऐकून तो स्वतःच संकोचेल.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त लिपिक आहेत. त्यांनी २००९ साली पुण्याच्या पूर्वेकडील एका गावी दोन गुंठे घेतले. वडिलोपार्जित शेतीत नाव असल्याने शेतकरी असल्याचा पुरावा त्यांच्यापाशी होता, त्यामुळे कूळकायद्याची अडचण नव्हती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर खरेदीखत झाले, चतुःसीमा लिहिल्या गेल्या, मुद्रांकशुल्क आणि नोंदणी फी सरकारजमा झाली. तोच दस्त घेऊन ते तलाठ्याकडे गेले तेव्हा व्यवहार तुकडेबंदीविरुद्ध असल्याचे सांगून फेरफार नामंजूर झाला. सरकारच्या एका खिडकीने ज्या व्यवहाराचा कर घेतला, तोच व्यवहार दुसऱ्या खिडकीने झालाच नाही असे मानले! तेव्हापासून सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव, जमिनीवर यांचे तारेचे कुंपण, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीवर पिवळा पडत चाललेला दस्त, असा त्यांचा त्रिस्थळी संसार सुरू आहे. बँक कर्ज देत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही.

१२ जुलै २०२१ रोजी नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने पहिली खिडकीही बंद केली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीस १० आणि जिरायतीस २० गुंठे झाले. मग एकमेकांचे तोंडही न पाहिलेली अकरा माणसे ११ गुंठ्यांच्या एका दस्तावर सह्या करून सामाईक खातेदार बनण्याचा परिपाठ पडला. त्यांतला एक निवर्तला की त्याच्या वारसांच्या सह्यांसाठी उरलेल्या दहांनी कोणकोणत्या गावी हिंडायचे, याचा विचार करायला दस्ताच्या दिवशी कोणाला सवड असते?

पण माझा मुख्य आक्षेप या धरसोडीवर नाही. २०१७ च्या दुरुस्तीने १५ नोव्हेंबर १९६५ पासूनचे असे व्यवहार, बाजारमूल्याच्या कमाल २५ टक्के रक्कम भरून नियमानुकूल करण्याची मुभा दिली. ती रक्कम भरण्यास लोक पुढे आले नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये दर ५ टक्क्यांवर आला. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली, आणि पुढे त्याच वर्षी वटहुकमाने १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे नागरी व निवासी क्षेत्रांतले व्यवहार विनाशुल्क नियमानुकूल करण्याचे ठरले. गुंठेवारी विकास कायद्याचेही तेच झाले: २००१ सालच्या त्या कायद्यातील १ जानेवारी २००१ ही मर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. धर्मशास्त्रात पापाच्या प्रमाणात प्रायश्चित्त सांगितलेले असते. आमच्या महसूल खात्यात मात्र पापी जितका अधिक काळ थांबेल तितके प्रायश्चित्त हलके होत जाते.

लिपिकांना दिलासा मिळू नये असे मी म्हणत नाही. त्यांना तो १५ वर्षांपूर्वीच मिळावयास हवा होता. परंतु त्यांच्याच कुंपणाला लागून ज्या शिक्षकाने २०२५ च्या प्रारंभी उसनवार करून ५ टक्के भरले, त्याला आता काय सांगावे? आणि ज्याने मंजूर रेखांकनातला अकृषिक भूखंड, त्यातील रस्ते व मोकळी जागा यांचा खर्च सोसून दुप्पट भावाने घेतला, त्याच्या कायदापालनाचे मोल काय उरले? कठोर कायद्याला गुंतवणूकदार फारसा भीत नाही, कारण त्या कठोरपणाची किंमत भावात धरता येते; ज्या कायद्याचा शेवट वाट पाहणाऱ्याच्या बाजूने होतो, त्याची किंमत मात्र प्रामाणिक माणसाला धरता येत नाही आणि मध्यस्थाला नेमकी धरता येते. नियमानुकूल झाल्याने सातबाऱ्यावर नाव चढेल. पण दोन गुंठ्यांपर्यंत जाणारा नऊ फुटांचा कच्चा रस्ता रुंद होणार नाही, गटार आणि पाण्याची नळवाहिनी आपोआप येणार नाही. सामान्य पगारदाराला परवडेल असा लहान, मंजूर भूखंड बाजारात मुबलक यावा यासाठी रेखांकनाची मंजुरी सुलभ करणे हे कष्टाचे काम होते. त्याऐवजी माफीची तारीख पुढे ढकलणे हे सोपे काम सरकारने, पक्ष कोणताही असो, पत्करले आहे.

वटहुकमाची बातमी आली त्या आठवड्यात लिपिक माझ्याकडे आले. पिशवी बरोबर होतीच. अभिनंदन करून मी चहा सांगितला, त्यांनी कागद टेबलावर पसरले, मोजणीचा नकाशा सरळ केला आणि आपल्या दोन गुंठ्यांच्या पश्चिमेला असलेल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून विचारले, “अहो, हा शेजारचा गुंठा निघालाय. मालक म्हणतो आत्ता नोटरी करून ठेवू, खरेदीखताचं मागाहून बघता येईल. घेऊन ठेवू का?”