गठ्ठ्याने विकत घेतलेली आशा

दहा कुटुंबांनी दर आठवड्याला प्रत्येकी ५०० रुपये काढायचे, लॉटरीची तिकिटे गठ्ठ्याने घ्यायची आणि बक्षीस वाटून घ्यायचे, हा बेत सहकाराच्या गोंडस नावाखाली मांडला जातो. १०० तिकिटे घेतली की संधी १०० पट होते, असा त्यामागचा युक्तिवाद. आमचा त्याला विरोध आहे, कारण त्यात अर्धेच गणित सांगितले जाते. संधीबरोबर खर्चही १०० पट होतो.

हिशेब मांडून पाहू. सोडतीत १० लाख तिकिटे आहेत आणि एका तिकिटाची किंमत ५० रुपये आहे, असे धरू. ५,००० रुपयांत १०० तिकिटे येतील. पहिल्या बक्षिसाची शक्यता १० हजारांत एक. दर आठवड्याला खेळल्यास सरासरीने सुमारे १९२ वर्षांतून एकदा ते बक्षीस पदरात पडेल. तोवर ५ कोटी रुपये खर्ची पडतील!

मग सगळीच तिकिटे घेतली तर? बक्षीस निश्चित आणि तोटाही निश्चित. बक्षिसांची एकूण रक्कम विक्रीच्या रकमेहून कमी ठेवूनच सोडत आखली जाते. विक्रेत्यांचे कमिशन आणि सरकारचा महसूल त्या फरकातूनच निघतो. जितकी तिकिटे अधिक, तितका तोटा अधिक अटळ, हे अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ सालीच दाखवून दिले होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा दाखला कोणी पुढे करील. तेथे १९९२ साली एका ऑस्ट्रेलियन गटाने गठ्ठ्यानेच तिकिटे घेऊन बक्षीस जिंकले, हे खरे. परंतु तेथील बक्षीस साचत साचत सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरवर गेले होते आणि आकड्यांच्या सर्व ७०,५९,०५२ जुळण्या एकेका डॉलरला मिळत होत्या. एवढी अनुकूलता असूनही वेळ अपुरा पडला आणि सुमारे ५० लाखच तिकिटे हाती आली. जिंकणारे तिकीट त्यांत निघाले, हे केवळ नशीब. आपल्याकडील ठरीव बक्षिसांच्या कागदी सोडतीत तर अशी फटही नसते.

शिवाय मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहेच. वाया गेलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे गठ्ठा घेणाऱ्यावर दुहेरी भुर्दंड. तिकीट कोणाच्या खिशात होते आणि वाटा कोणाचा किती, यावरून स्नेह्यांत वितुष्ट येते ते वेगळेच.

एकत्र येण्याला आमची हरकत नाही. दर आठवड्याचे ५,००० रुपये म्हणजे वर्षाचे २ लाख ६० हजार. एवढ्या पैशांत दहा घरांपैकी एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला भरीव हातभार लागेल, कोणाच्या इस्पितळाचे बिल भागेल. असा निधी उभारायला सोडतीची वाट पाहावी लागत नाही. गठ्ठा बांधायचाच असेल, तर तो पैशांचा बांधावा, रद्दीचा नव्हे.