विमानतळ मागण्याआधी हानची गोष्ट वाचा

मध्यंतरी जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मंडळींनी मला थांबवून घेतलं. रत्नागिरीच्या विमानतळाबद्दल सरकारला निवेदन द्यायचं होतं आणि "तुझं मराठी चांगलं, तूच लिही" असा हुकूम झाला. मागणी एकच होती. विमानतळ लवकर सुरू करा आणि स्वस्त तिकिटाच्या कंपन्या आणून तिथून थेट दुबई, शारजा, मस्कतची विमानं सोडा. मी दोन दिवस मागून घेतले. दोन दिवसांनी जे लिहून नेलं ते कुणालाच पसंत पडलं नाही. एक मामू तर रागाने म्हणाले, "आपल्या पोरांचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही काय?" त्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट कबूल करतो. स्वस्त विमानांनी आपल्या लोकांवर उपकारच केले आहेत. 1994 साली माझे वालिद वारले तेव्हा मोठा भाऊ मस्कतला होता. रजा आणि तिकिटाचे पैसे जमवून तो घरी पोचला तोवर चाळिसावाही उलटून गेला होता. 2003 साली एअर अरेबिया सुरू झाली, 2005 साली एअर इंडिया एक्सप्रेस आली आणि दोन-तीन वर्षांनी घर बघणारा माणूस दरवर्षी येऊ लागला. मागच्या वर्षी मामी गेली. तिच्या मुलाला मय्यत मिळाली नाही, पण दुसऱ्या दिवशी तो कबरीपाशी उभा होता. त्यामुळे "विमान ही श्रीमंतांची चैन" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण विमानतळ मागतो आहोत, पण त्याचा हिशेब मागत नाही. हा हिशेब कसा असतो ते बघायचं तर जर्मनीतल्या हान नावाच्या गावाकडे बघावं लागेल.

हान हे हुन्सरुक नावाच्या डोंगराळ, शेतीच्या मुलखातलं काहीशे वस्तीचं खेडं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, शीतयुद्धाच्या काळात तिथे लष्करी विमानतळ उभा राहिला आणि अमेरिकी हवाई दलाचा तळ झाला. पुढची चाळीस वर्षं हुन्सरुकचं पोट त्या तळावर भरलं. सैनिकांना भाड्याने घरं लागत, तळावर जर्मन कारकून, सुतार, वीजतंत्री लागत. त्याची किंमतही होती. डोक्यावरून दिवसभर लढाऊ विमानं जात आणि अणुयुद्ध झालंच तर पहिला मारा आपल्यावर, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जवळच क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवण्याचं ठरलं तेव्हा 1986च्या ऑक्टोबरात हासेलबाख गावापाशी सुमारे दोन लाख माणसं निषेधाला जमली होती.

मग भिंत पडली, शीतयुद्ध संपलं आणि 1993 साली अमेरिकनांनी तळ जर्मनांच्या हवाली केला. शांतता हवी म्हणून लोक रस्त्यावर आले होते. ती आली, पण जाताना रोजगारही घेऊन गेली. आता या भल्यामोठ्या धावपट्टीचं करायचं काय? सरकारचं उत्तर होतं, नागरी विमानतळ. 1999 साली आयर्लंडची रायनएअर तिथे आली. उतरण्याचं शुल्क कमी, गर्दी नाही, रात्री-अपरात्री विमान उतरवायची मुभा. स्वस्त विमानाच्या धंद्याला याहून सोयीचं काय असतं? विमानतळाला नाव दिलं 'फ्रँकफर्ट-हान'. प्रत्यक्षात फ्रँकफर्ट शहर तिथून सुमारे 120 किलोमीटर दूर. रत्नागिरीत उतरवून 'कोल्हापूर आलं' म्हणण्यासारखाच हा प्रकार.

पण चाललं! 2007 च्या सुमारास वर्षाला जवळपास 40 लाख प्रवासी हानला येऊ-जाऊ लागले. लष्करी तळाचं सोनं कसं करावं याचा नमुना म्हणून लोक हानकडे बोट दाखवू लागले.

आता हिशेबाची दुसरी बाजू. तिकीट स्वस्त ठेवायचं तर विमानतळाने कंपनीकडून कमी पैसे घ्यायचे. कमी पैसे घेतले की विमानतळ तोट्यात. तो तोटा कोण भरणार? फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ चालवणाऱ्या फ्रापोर्ट कंपनीचा हानमध्ये मोठा हिस्सा होता. 2009 साली तिने तो राज्य सरकारला विकला, एका युरोला. चाळीस लाख प्रवाशांचा विमानतळ एक युरोला का विकला जातो, याचा विचार आपल्या मंडळींनी जरूर करावा. त्यानंतर तोट्याचं ओझं ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याच्या करदात्यांवर. म्हणजे ज्याने जन्मात विमानात पाय ठेवला नाही तो शेतकरीही दुसऱ्याच्या सुट्टीचं भाडं भरत होता.

2016 साली सरकारने शांघायच्या एका कंपनीला विमानतळ विकल्याचं जाहीर केलं. पैसे काही आले नाहीत. बातमीदारांनी चौकशी केली तेव्हा एवढा मोठा व्यवहार करणारा उद्योग त्यांना कुठे दिसेना. सौदा मोडला, मुख्यमंत्री मालू ड्रायर यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. ठराव फेटाळला गेला, पण अब्रू जायची ती गेली. पुढच्या वर्षी चीनच्याच एचएनए समूहाने बहुतांश हिस्सा घेतला. त्याच 2017 साली रायनएअरने खुद्द फ्रँकफर्टच्या मोठ्या विमानतळावरून उड्डाणं सुरू केली. मोठ्या घरचं आमंत्रण आलं की गरिबाच्या ओसरीवर कोण थांबतो? 2019 पर्यंत प्रवासी 15 लाखांवर आले. मग कोविड, आणि 2021च्या ऑक्टोबरात विमानतळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2023 साली तो पुन्हा एका नव्या मालकाच्या हाती गेला. विमानं अजून उडतात, मालवाहतूकही होते, पण 'नमुना' म्हणून बोट दाखवणारे गप्प आहेत.

आणखी एक. हानला रेल्वेने जोडण्याचं आश्वासन वर्षानुवर्षं दिलं गेलं. जुना रेल्वेमार्ग होता, तो पुन्हा सुरू करायचा होता. रेल्वे आली नाही. प्रवासी बसने येत राहिले आणि बसने जात राहिले. हुन्सरुकच्या लोकांच्या रोजच्या उपयोगाचं तेवढं राहून गेलं.

मामू म्हणतील, जर्मनीचं जर्मनीत, आपलं काय? तर आपलं असं. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल वापरतं आणि तिथून नागरी वाहतूक सुरू करायची तयारी चालली आहे. ज्या उडान योजनेच्या जोरावर अशी छोटी विमानतळं चालवायची असतात, तिचा नियम साधा आहे. विमानातल्या ठरावीक जागा मर्यादित दरात विकायच्या, कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षं भरून द्यायची. हा पैसा मुख्यतः इतर विमानमार्गांवर लावलेल्या आकारातून येतो, काही वाटा राज्य उचलतं. तीन वर्षांनंतर काय? कॅगने 2023 साली याचा हिशेब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग दिले गेले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले त्यातल्या फक्त 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. मार्च 2023 पर्यंत त्यानंतरही टिकून राहिले होते 54.

लांब कशाला, शेजारच्या सिंधुदुर्गात बघा. चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी किती थाटात झालं! श्रेय कुणाचं यावर व्यासपीठावरच टोलेबाजी झाली. उडानची तीन वर्षं भरली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. मुंबई-कोकण हा काही ओस पडलेला मार्ग नव्हे. गणपतीला, शिमग्याला, ईदला रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. तरी विमान बंद पडलं. कारण ते प्रवाशांच्या जोरावर उडतच नव्हतं.

आता मला खरं सलतं ते सांगतो. हुन्सरुकचे लोक आधी एका अमेरिकी तळावर जगले, मग एका विमान कंपनीवर. धनी बदलला, हात पसरलेलाच राहिला. दोन्ही वेळा निर्णय दूर कुठेतरी झाला आणि गावाला तो नंतर कळला. कोकण याहून वेगळं आहे? आपले आजोबा बोटीवर नाहीतर मुंबईच्या गोदीत, वालिद आखातात, पोरगा आखातात. मनिऑर्डर गेली, दिरहम-रियाल आले. दुबईत बांधकाम थंडावलं की आपल्या गावातलं बांधकाम थांबतं. बंगले उभे राहिले आणि त्यांना कुलपं लागली. अशा गावाने विमानतळाची मागणी करताना स्वतःला विचारावं, की हे दार आत येण्यासाठी मागतो आहोत की बाहेर पडणं अजून सोपं व्हावं म्हणून?

मामींच्या मुलाचंच उदाहरण घ्या. शारजा ते मुंबई त्याला तीन तास लागले. सहार ते गाव, रस्त्याने दहा तास. त्याची मय्यत चुकली ती विमानामुळे नाही, मुंबई-गोवा महामार्गामुळे. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि 'या वर्षी पूर्ण होईल' हे वाक्य आपण तेव्हापासून ऐकतो आहोत. मामी आजारी पडली तेव्हा तिला कोल्हापूरला न्यावं लागलं. त्या दोन्ही गोष्टींवर आपल्या मोहल्ल्याने आजवर निवेदन लिहिलेलं मला आठवत नाही. रस्ता सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणीच मागत नाही. विमान 'आपल्या पोरांचं' वाटतं. पण रत्नागिरीत विमान आलं तरी त्यात बसणारा पोरगा वर्षातून एकदा बसेल, आणि त्याची आई एसटीच्या थांब्यावर रोज उभी असेल.

कुणी म्हणेल, मग काय विमानतळ नकोच? मी तसं कुठेही म्हटलेलं नाही. धावपट्टी आहे, इमारत होते आहे, तर विमानं जरूर उडावीत. पण कंपनीशी होणारा करार उघड करा. तिला किती वर्षं, किती पैसे देणार ते सांगा. मुदत संपल्यावर विमान बंद झालं तर काय, तेही आधीच सांगा. ईदच्या आठवड्यात तिकिटाचे दर चौपट झाले तर 'स्वस्त' या शब्दाला काही अर्थ राहणार का, त्याचंही उत्तर द्या. हानच्या लोकांनी हे प्रश्न पहिल्या विमानाच्या स्वागताला फुलं घेऊन जाण्याआधी विचारले असते, तर पुढे इतके महाग पडले नसते.

मी लिहिलेल्या निवेदनात तीन मागण्या होत्या. महामार्ग पूर्ण करा आणि त्याची तारीख लेखी द्या. जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची पदं भरा. विमानतळ सुरू करा, पण कराराच्या अटी जाहीर करून. मंडळींनी पहिल्या दोन खोडल्या आणि तिसरीतला 'पण' काढून टाकला. त्या कागदावर मी सही केलेली नाही. माझा मूळ मसुदा घरी आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी यावं, मामूंनीसुद्धा.