घरी काय सांगू?



आमच्या वस्तीतल्या गटाची बैठक दर गुरुवारी दुपारी दोन ते चार असते. दोनपर्यंत पाणी भरून, भांडी आवरून होतं आणि चारनंतर मुलं शाळेतून येतात. मधले हे दोन तास आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलो आहोत. रेशनकार्ड, पोटगी, दारूचा गुत्ता, अठराच्या आत ठरवलेलं कुणाच्या तरी मुलीचं लग्न, जे काही बोलायचं ते याच वेळात. पावसाळ्याच्या तोंडावर एका गुरुवारी मात्र विषय निराळा निघाला. गटातली एक ताई म्हणाली, "एकदा सगळ्याजणी मिळून केळकर म्युझियम बघायला जाऊया का? तीस वर्षं पुण्यात काढली, पण आत पाऊल टाकलं नाही."

सगळ्या क्षणभर गप्प. मग एकेकीचे प्रश्न सुरू झाले. तिकीट किती? बस कुठली? तिथं चपला काढाव्या लागतात का? या सगळ्याची उत्तरं मिळाली. शेवटी दाराशी बसलेली एक तरुण सून हळूच म्हणाली, "ते सगळं खरं, पण ताई, घरी काय सांगू?"

हशा पिकला. कुणी म्हणालं, दवाखान्यात जाते म्हणून सांग. दुसरीनं सांगितलं, दवाखाना नको, मग औषधं कुठायत म्हणून विचारतील, त्यापेक्षा देवळात जाते म्हण. तिसरी म्हणाली, देवळात म्हटलंस तर सासू बरोबर येईल!

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बाईच्या घराबाहेर पडण्याला कारण लागतं, हे आपण इतक्या वर्षांत शंभरदा बोललो आहोत. पण मान्य असलेल्या कारणांची यादी आपण कधी नीट तपासली होती का? दवाखाना, रेशनचं दुकान, शाळेतली पालकसभा, देऊळ, हळदीकुंकू, बारसं, मयत. यातलं प्रत्येक कारण कुणासाठी तरी आहे. दवाखाना बहुतेक वेळा मुलाचा असतो, आणि देवापुढं हात जोडतो तेही घरच्यांच्या सुखासाठीच. फक्त स्वतःच्या डोळ्यांसाठी, काहीतरी बघावंसं वाटलं म्हणून बाहेर पडायचं, असं कारण त्या यादीत नाही. नाक्यावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पुरुषाला मात्र कसलीच यादी लागत नाही.

केंद्र सरकारनं 2024 साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांची 88. पाच वर्षांपूर्वीच्या, 2019 च्या पाहणीत हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचीही नऊ वाचली! आता ती दहा मिनिटं तिनं कुठं घालवली ते पाहणीत शोधत बसायला नको. आपल्याला माहीत आहे.

इथं एक कबुली द्यायला हवी. या बाबतीत आम्ही कार्यकर्त्याही फार वेगळ्या वागलो नाही. सिनेमा, चित्रांचं प्रदर्शन, म्युझियम हे सगळं पोट भरलेल्यांची चैन आहे, असं आम्ही बरीच वर्षं मानत आलो. वस्तीत सिनेमा दाखवला तो 'चर्चेसाठी'. पोस्टर लावलं ते 'जाणीवजागृतीसाठी'. म्हणजे घरचे विचारतात 'कशाला?', आणि संघटनाही थोड्या सभ्य शब्दांत तेच विचारत होती. बाईला नुसतं बघू द्यावं, तिला काय दिसतं ते तिनं सांगावं, एवढा धीर आम्हांलाही नव्हता.

तर आम्ही गेलो. अकराजणी निघालो, नऊजणी पोचलो.

राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी 1920 च्या सुमाराला वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंचाही या कामात हात होता. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं, आणि 1975 साली आयुष्यभराची ती जमवाजमव महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. तलवारी-ढालीही आहेत, पण आमच्या बायका तिथं फार रेंगाळल्या नाहीत. या संग्रहाची खरी श्रीमंती घरगुती वस्तूंत आहे. अडकित्ते, पानाचे डबे, करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, आणि दिवे. किती तऱ्हांचे दिवे!

त्या दिव्यांपुढं मी आपली कलाकुसर बघत उभी होते. साखळीवरचा पक्षी, समईचा घाट वगैरे. शेजारी आमच्या गटातल्या एक मावशी उभ्या होत्या. चार घरी धुणंभांडी करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या खोबणीत चिंच कशी घालायची गं? बोट जात नाही तिथं. काडीला चिंधी गुंडाळून घासत असंल बिचारी."

मी त्या दिव्याकडे पुन्हा बघितलं. तोवर मला त्यात कारागीर दिसत होता, ज्या वाड्यात तो टांगला असेल तो वाडा दिसत होता, अगदी तेलसुद्धा. पण रोज सकाळी ती काजळी काढणारी बाई दिसली नव्हती. मावशींना आधी तीच दिसली. पुढं मग आमची चालच बदलली. प्रत्येक वस्तूपाशी आम्ही विचारू लागलो: हे कोण उचलत असेल? भरल्यावर याचं वजन किती होत असेल? पाय घासायची वज्री पाहून एकजण म्हणाली, म्हणजे भेगा तेव्हाही होत्याच की! एका अडकित्त्यावर जोडप्याची नक्षी होती, त्यावरून जे विनोद झाले ते इथं छापण्याजोगे नाहीत.

बाहेर पडल्यावर बाकावर बसून डबे सोडले. तेव्हा त्या तरुण सुनेनं (ती आली होती, घरी काय सांगून आली ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही) एक प्रश्न काढला. राजाचं नाव असतं, तलवार कुणाची ते लिहिलेलं असतं, मग जातं कुणाचं होतं ते का नसतं? उत्तर सोपं आहे. कुणी लिहून ठेवलंच नाही. जगभरच्या संग्रहालयांत हीच गत आहे, एखाद्या संस्थेला त्यासाठी दोष देऊन उपयोग नाही. वस्तू जपणाऱ्यांनी निदान त्या जपल्या तरी.

पण नावं कधीच लिहिली गेली नाहीत, असंही नाही. कार्ल्याला आपल्यातल्या कितीतरी जणी दरवर्षी एकवीरेला जातात. देऊळ हे कारण मान्य असल्यामुळे घरच्यांसकट जातात. देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. नवस फेडून, फोटो काढून आपण त्याच्या दारातून परत फिरतो. त्या लेण्यात दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, आणि त्यात बायका आहेत, भिक्खुणी आहेत. एका लेखातल्या बाईचं नाव भायिला. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई, अशी तिची ओळख दिली आहे. तीही कुणाची तरी आई म्हणूनच, हे खरं. पण नाव आहे! कान्हेरीला आणि रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांतही अशी बायकांची नावं कोरलेली आहेत. हे मी बाकावर बसून सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी पंधरा वेळा गेलीये कार्ल्याला. मला कुणी बोललं नाही."

नावाचा विषय निघाला की मला वारली चित्रं आठवतात. आज ती पिशव्यांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आहेत. मुळात डहाणू-तलासरी भागात लग्नाच्या वेळी झोपडीच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढला जायचा, मधोमध पालघट देवी. तो काढण्याचा मान सवाष्णींचा, आणि चौकाशिवाय लग्न लागत नसे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, तिची गाणी त्यासोबत. 1970 नंतर सरकारी प्रयत्नांतून कागद आणि रंग पाड्यांवर पोचले, चित्रं प्रदर्शनांत आली, परदेशात गेली. जिव्या सोमा मशे यांचं नाव झालं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्यांची प्रतिभा मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. लहानसा ठिपका आणि रेघ यातून त्यांनी अख्खं जाळं, अख्खं रान उभं केलं. पण चित्र भिंतीवर होतं तोवर बायकांचं होतं, कागदावर येऊन त्याला मोल आलं तेव्हा पुढं आलेली नावं बहुतेक पुरुषांची होती. आज काही वारली बायकाही कागदावर, कापडावर काढतात. प्रदर्शनाला गेलात तर त्यांची नावं विचारा. सही शोधा. घरी रांधते ती बाई आणि हॉटेलात रांधतो तो आचारी, हे गणित आपल्याला नवीन नाही.

या सहलीनंतर गटाला जरा चटकच लागली. पुढच्या महिन्यात 'उंबरठा' पाहिला, कुणाच्या तरी मुलाच्या लॅपटॉपवर, पडद्याऐवजी पांढरी चादर. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1982 सालचा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलांच्या सुधारगृहात अधीक्षिका म्हणून जाते, तिथल्या भ्रष्टाचाराशी झगडते, परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा निघते. आमच्या पिढीनं हा सिनेमा पाहून रात्ररात्र वाद घातले होते. यंदा आम्ही ठरवलं होतं की सिनेमा संपल्यावर कार्यकर्त्यांनी तोंड उघडायचं नाही.

वाद झालाच. आणि तो सुधारगृहावर झाला नाही, नवऱ्यावरही फारसा झाला नाही. झाला तो सुलभाच्या मुलीवरून. "एवढी लहान पोर टाकून गेली, मला नाही पटलं," असं स्पष्ट म्हणणाऱ्या निम्म्याहून अधिक होत्या. मला आतून बोलावंसं वाटत होतं, ओठ दाबून बसले. मग ज्या बाईनं गेल्या तीन वर्षांत बैठकीत एक शब्द काढला नव्हता ती म्हणाली, "आमचे हे दोन वर्षं दुबईला होते. पोरगं त्यांना ओळखत नव्हतं परत आले तेव्हा. कुणी म्हणालं का, बापानं टाकलं?" त्यावरही सगळ्यांचं एकमत झालं नाही. एक आजी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, बाप तो बाप, आई ती आई. पण आमच्या वीस भाषणांनी जे झालं नसतं ते त्या चादरीपुढं झालं: तिनं तोंड उघडलं. सुमित्रा भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बायकांच्या जगण्याविषयीचं संशोधन त्या बायकांपर्यंत परत जावं म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या, 1985 साली 'बाई' केला, आणि पुढं 2021 मध्ये जाईपर्यंत चित्रपट करत राहिल्या. त्यांना हे किती आधी कळलं होतं!

आणि आता या अंकापुरती शेवटची गोष्ट. म्युझियममधल्या त्या प्रश्नावरून गटानंच ठरवलं, आपणही मांडू. प्रत्येकीनं आपल्या आईची एक वस्तू आणायची, समाजमंदिराच्या खोलीत टेबलावर ठेवायची आणि खाली चिठ्ठीवर लिहायचं: वस्तू कुणाची, गाव कुठलं, किती वर्षं वापरली. खलबत्ता आला. पत्र्याची ट्रंक आली. तळ झिजून पातळ झालेला तवा आला. विडी वळायचं सूप आलं, सोलापूरचं. एकीनं फक्त एक जुनी किल्ली आणली. कुलूप कशाचं ते आता कुणालाच माहीत नाही, पण आईच्या कमरेला ती शेवटपर्यंत होती.

चिठ्ठ्या लिहिताना मात्र अडचण आली. चौदापैकी पाचजणींना आईचं माहेरचं नाव सांगता येईना. लग्नात नाव बदललं, पुढं ती कुणाची तरी आई म्हणूनच ओळखली गेली. मावशींनी त्यांच्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, आत्याला सगळे आक्काच म्हणायचे. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बापाच्या नावाआधी लिहायचं, असा महाराष्ट्र शासनाचा नियम आता आहे. त्याचं स्वागत. पण त्या चौकटीत लिहिलं जाणार ते बहुधा सासरी ठेवलेलंच. ज्यांच्या आया गेल्या त्यांनी काय करावं?

पाच चिठ्ठ्यांवर आम्ही नावाची जागा कोरी ठेवली. मावशींची आणखी शोधाशोध चालू आहे. गावी एक म्हातारी चुलती आहे, तिला आठवत असेल, दिवाळीत जाऊन विचारीन म्हणतात.

तुम्हीही तुमच्या आईची, आजीची एक वस्तू निवडा आणि तिच्याबद्दल दहा-बारा ओळी आम्हांला लिहून पाठवा. माहेरचं नाव मिळालं तर तेही, कुणाला विचारून मिळालं त्यासकट. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत. आणि गटाची पुढची सहल कार्ल्याला आहे, या वेळी देवळाच्या शेजारच्या दारातून आत. यायचं असेल तर गुरुवारी दोनला या.